राहुटी कोठे ठोकावी?

सांगोला तालुक्यातून वाहणारी माण नदी वर्षातले बहुतेक महिने कोरडी असते. तिच्या पात्रातून गाडीवाटा जातात, मेंढरे चरतात, आणि परक्या माणसाला त्या रुंद, सपाट वाळूकडे पाहून येथून कधी पाण्याचा लोंढा जात असेल हे खरेच वाटत नाही. याच नदीच्या काठी, खवासपूर येथे, १७०० साली औरंगजेब बादशहाची छावणी पडली होती. मुक्काम करण्याच्या विद्येत मोगलांइतका निष्णात राजवंश हिंदुस्थानने क्वचितच पाहिला असेल. बादशहा एका तळावर असतानाच पुढच्या तळावर तसाच दुसरा डेरा उभा करणारा पेशखाना, कनातींची आवारे, फर्रास, मशालजी, भिस्ती, असा तो सारा सरंजाम होता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात वरच्या डोंगराळ मुलखात जोराचा पाऊस झाला, आणि मध्यरात्री आलेल्या पाण्याने काठावर आणि खुद्द पात्रात पसरलेली ती छावणी उद्ध्वस्त केली. माणसे आणि जनावरे वाहून गेली, धावपळीत बादशहाचा गुडघा निखळला, आणि ते अधूपण पुढे मरेपर्यंत त्याच्या सोबतीला राहिले.

नदीकाठी राहुटी ठोकून राहू इच्छिणाऱ्याने ही हकीकत प्रथम मनात धरावी असे मला वाटते. कारण जागा चुकली तर बादशाही फर्रासखानाही उपयोगी पडत नाही, आणि जागा साधली तर दोन माणसांची हलकी राहुटी, एक घोंगडी, एक पातेले आणि एक घागर एवढ्या सामानावर रात्र सुखाने जाते. अलीकडे आपल्याकडे धरणांच्या काठी भाड्याच्या तंबूंच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत, तेथे दिवे, गाणी, जेवणावळ आणि नळाचे पाणी सर्व मिळते. त्यांविषयी हा लेख नाही. जेथे नळ नाही, दिवा नाही, शौचकूप नाही आणि राखणदारही नाही, अशा एखाद्या निवांत काठावर स्वतःच्या हाताने राहुटी ठोकून एकदोन रात्री काढण्याविषयी तो आहे. हा प्रकार परदेशातून आला असे समजण्याचे कारण नाही. जमाबंदीसाठी गावोगाव हिंडणारे अंमलदार हिवाळ्याचे दिवस तंबूतच काढीत. आषाढीच्या वाटेवर दिंड्यांच्या राहुट्या आजही शिवारात आणि पालखीतळांवर पडतात. आणि मेंढरे घेऊन वर्षातले कित्येक महिने फिरतीवर असणाऱ्या धनगरांना तर उघड्यावरचा मुक्काम हेच घर आहे.

धनगरांचा वाडा कोठे उतरतो हे एकदा बारकाईने पाहावे. नीरेच्या खोऱ्यात सुगी संपल्यावर असे वाडे पुष्कळ दिसतात. पाणी हाताशी हवे, परंतु बिऱ्हाड पाण्याला खेटून कधी नसते. घोड्यावरचे ओझे उतरते ते काठापासून बरेच वर, एखाद्या कापणी झालेल्या रानात, ज्याच्या मालकाशी मेंढ्या बसवण्याचा करार आधी झालेला असतो. बिऱ्हाड वाऱ्याच्या वरच्या अंगाला, मेंढरांची वाघर खालच्या अंगाला. तीन दगडांच्या चुलीचे तोंड कोणीकडे असावे हे बाई वाऱ्याकडे पाहून ठरवते, आणि हे सगळे बोलण्याशिवाय, पाव तासात होते. पिढ्यान्‌पिढ्यांची ही समज आपल्यापाशी नाही, म्हणून आपल्याला तिची कारणे शिकून घ्यावी लागतात.

नदीचा काठ म्हणजे एक रेषा नव्हे, तो उतरत्या पायऱ्यांचा बनलेला असतो. सर्वांत खाली वाहते पात्र. त्याच्या कडेला वाळवंट किंवा गोट्यांचा पट्टा. त्यावर गाळाची मळई, जिच्यात हिवाळ्यात भाजीपाला आणि कलिंगडाचे वेल लावतात. मळईच्या मागे दरड, आणि दरडीच्या वर खरी जमीन. वाळवंट सर्वांत मोहक दिसते, मऊ असते, पाण्याशी लगट करून असते, आणि नवख्या माणसाची राहुटी हटकून तेथेच पडते. परंतु वाळवंट म्हणजे नदीने काही काळापुरती मोकळी केलेली स्वतःचीच जागा होय. ती कोठपर्यंत येऊन गेली हे ती लिहून ठेवते. ते लेखन वाचता आले पाहिजे. काठावरच्या वाळुंजाच्या किंवा करंजाच्या फांद्यांकडे पाहावे: मनगटाएवढ्या फांदीच्या बेचक्यात वाळलेले गवत, काटक्या, चिंध्या, कोठे एखादी पिशवी अडकून राहिलेली दिसेल, आणि हा कचरा नेहमी वरच्या अंगाला, म्हणजे ज्या बाजूने पाणी येते त्या बाजूला, दाबून बसलेला असेल. त्याची उंची आपल्या डोक्यापेक्षा अधिक असेल तर पुराच्या वेळी आपण उभे आहोत ती जागा पुरुषभर पाण्याखाली होती, याला दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. लव्हाळी एकाच दिशेला निजलेली असतात. खडकावर जेथपर्यंत पाणी वरचेवर पोचते तेथपर्यंत तो घासून गुळगुळीत झालेला असतो, आणि त्यावर दगडफुलाचे करडे, पांढुरके डाग सुरू होतात. हे डाग जेथे निर्धास्तपणे वाढलेले दिसतात तेथून वरचा भाग मुक्कामास योग्य समजावा.

सह्याद्रीच्या नद्यांच्या बाबतीत ही सावधगिरी विशेष लागते. सावित्रीचेच उदाहरण घ्या. ती महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावते, जेथे वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून ती हजार मीटरहून अधिक उंची थोड्याच अंतरात उतरून पोलादपुरावरून महाडकडे येते, आणि बाणकोटच्या खाडीने समुद्राला मिळते. उतारावरचा काळा कातळ पाणी फारसे मुरू देत नाही. त्यामुळे घाटमाथ्यावर पडलेला पाऊस काही तासांतच खालच्या गावांच्या दारात येतो, आणि खाली मात्र त्या वेळी आभाळात चांदण्या असू शकतात. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडजवळचा जुना दगडी पूल रात्रीच्या पुरात वाहनांसकट वाहून गेला, तो याच नदीवरचा. म्हणून पावसाळ्याचे चार महिने नदीकाठच्या मुक्कामाला वर्ज्य मानावेत, आणि ऑक्टोबरातील परतीच्या पावसावर तसेच वळिवाच्या दिवसांवरही विश्वास ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात निर्धोक आहे. तरीही सायंकाळी पाण्याच्या कडेला एक काठी रोवून ठेवावी आणि निजण्यापूर्वी कंदील किंवा बॅटरी घेऊन ती पाहून यावी. पाणी गढूळ होणे, त्यावरून पालापाचोळा आणि फेस वाहत येणे, गोट्यांवरून वाहताना होणारी खळखळ दबून तिच्या जागी जड घुमारा ऐकू येणे, ही पाणी चढत असल्याची चिन्हे होत. ती दिसताच सामानाचा मोह न धरता माणसांनी वर चढावे. चोहोंकडून पाणी असलेल्या बेटावर तर, ते कितीही रम्य असले तरी, मुक्काम करूच नये, कारण चढत्या पाण्यात प्रथम तुटते ती परतीची वाट.

काही नद्या मात्र पावसाशिवायही चढतात. रायगड जिल्ह्यातील कुंडलिकेला भर उन्हाळ्यात जे पाणी असते ते तिचे स्वतःचे नसून वस्तुतः भीमेच्या खोऱ्यातले असते: मुळशीच्या धरणात अडवलेले मुळेचे पाणी घाट फोडून भिऱ्याच्या वीजघरात आणलेले आहे, आणि जनित्रे फिरवून झाल्यावर ते कुंडलिकेत सोडले जाते. कोलाडला सकाळी नौकाविहाराची जी गर्दी होते ती या सोडलेल्या पाण्यावर होते. चिपळूणच्या वाशिष्ठीतही कोयनेचे पाणी असेच पोफळीच्या वीजघरांतून उतरते. अशा नदीच्या काठी आदल्या दुपारी जो गोट्यांचा पट्टा कोरडा दिसला तो दुसऱ्या दिवशी, आकाशात ढगाचा ठिपका नसताना, पाण्याखाली गेलेला आढळतो. कारण तिची भरती-ओहोटी पर्जन्यावर अवलंबून नसून दूरच्या शहरांतील विजेच्या मागणीवर अवलंबून असते. घाटावरच्या नद्यांना धरणांतून शेतीसाठी आवर्तने सोडतात, तेथेही हाच प्रकार घडतो. वरच्या अंगाला धरण, बंधारा किंवा वीजघर आहे काय, आणि पाणी केव्हा सोडतात, ही चौकशी जवळच्या गावात केल्यावाचून राहुटीची गाठ सोडू नये.

पाण्यापासून वर राहण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते थंडीचे आहे. सूर्य मावळल्यावर जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकू लागते; तिला लागून असलेली हवा गार होते, गार हवा जड असते, आणि ती उतारावरून हळूहळू खाली सरकत खोऱ्याच्या तळाशी साचते. त्यामुळे पौषातल्या एखाद्या पहाटे पात्राशेजारी हातपाय आखडत असताना, तेथून दहा-पंधरा मीटर उंचीवरच्या सपाटीवर हवा दोन-चार अंशांनी सुखाची असते. दवाचेही तसेच. उघड्या आभाळाखालच्या राहुटीचे कापड रात्री आसपासच्या हवेपेक्षाही थंड होते आणि त्यावर दव साचते. झाडाच्या छत्राखाली ते पुष्कळ कमी पडते. शिवाय माणूस श्वासावाटे आणि त्वचेवाटे रात्रीतून साधारण पाव लीटर पाणी हवेत सोडतो. थंडी वाजते म्हणून राहुटीची सर्व तोंडे बंद करून निजणाऱ्यांच्या अंगावर पहाटे जे थेंब टपकतात ते गळक्या कापडाचे नसून त्यांच्याच निःश्वासाचे असतात. वरची खिडकी किंचित उघडी ठेवावी. ऊब हवी असेल तर ती खालून मिळवावी, कारण अंगातली उष्णता जमीन जितकी ओढून घेते तितकी हवा घेत नाही. पेंढ्याचा वीतभर थर, त्यावर ताडपत्री आणि त्यावर घोंगडी, याहून चांगली शय्या मला ठाऊक नाही. मेंढीची लोकर ओली झाली तरी काही अंशी ऊब राखते, हा तिचा गुण दमट काठावर फार उपयोगी पडतो.

झाड निवडतानाही वर पाहावे. वाळलेली फांदी कोणत्याही रात्री खाली येऊ शकते, हे एक; आणि सह्याद्रीत त्याहून मोठे भय आग्या मोहोळाचे. नदीकाठची उंच झाडे आणि डोहांवरचे कडे ही या माश्यांची आवडती स्थाने आहेत. त्यांच्याखाली चूल पेटवली आणि धूर वर गेला की त्या खवळून उठतात, आणि त्यांच्या हल्ल्यात माणसे दगावल्याच्या घटना आपल्या किल्ल्यांवर आणि देवस्थानांत घडलेल्या आहेत.

निर्जन वाटणारा काठ वास्तविक निर्जन नसतोच. नदी सुरय नावाचा करड्या पाठीचा, पिवळ्या चोचीचा देखणा पक्षी फेब्रुवारीनंतर उघड्या वाळूवर अंडी घालतो. घरटे म्हणजे वाळूतला एक उथळ खळगा, अंडी वाळूच्याच रंगाची, आणि आपण शेजारी बैठक मारली की पक्षी उडून जातो व अंडी उन्हात भाजून निघतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालीत ओरडू लागली की आपण तिच्या अंड्यांच्या परिसरात आहोत असे समजून निमूटपणे सरकावे. मगरी सांगलीकडे कृष्णेत, चिपळूणला वाशिष्ठीत आणि महाडजवळ सावित्रीत आहेत, आणि त्यांची मादीही साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान काठच्या वाळूत अंडी पुरून त्यांची राखण करते. वाळवंटात राहुटी टाकू नये असे मी म्हणतो ते केवळ माणसाच्या जिवासाठी नाही. ती जागा दुसऱ्यांच्या वहिवाटीची आहे, आणि त्यांना दुसरी जागा नाही.

सर्पांपैकी मण्याराविषयी निक्षून सांगितले पाहिजे. फुरसे आणि घोणस बहुधा वाटेवर, पाय पडल्यामुळे चावतात. मण्यार मात्र रात्री हिंडतो, जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो, आणि त्याचा दंश इतका सौम्य असतो की माणूस कित्येकदा जागाही होत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, आणि श्वास कोंडू लागतो. ज्या राहुटीला तळ शिवलेला आहे आणि दाराला चेन आहे तिचा खरा उपयोग पावसापेक्षाही या शत्रूविरुद्ध आहे. म्हणून दार दिवसासुद्धा बंद ठेवावे. दंशाचा संशय आला तरी मांत्रिकाकडे किंवा कापाकापीकडे वेळ न घालवता प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात जावे, आणि ते रुग्णालय कोठे आहे हे निघण्यापूर्वीच ठाऊक असावे. विंचवांसाठी पादत्राणे सकाळी उपडी करून झटकावीत. कोकणातील लाल विंचवाचा दंश एके काळी प्राणघातक ठरत असे, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा त्यावर यशस्वी उपयोग करून दाखवला, आणि एका तालुक्याच्या ठिकाणी रोग्यांच्या उशाशी बसून केलेले हे संशोधन जगभरच्या वैद्यकाने स्वीकारले.

आता राहुटी ठोकण्याविषयी. तळाखालची जागा हाताने चाचपून खडे व खुंट काढावेत, आणि किंचित उतार असेल तर डोके वरच्या अंगाला येईल असे पाहावे. नदीच्या खोऱ्यात वारा प्रायः दिवसा खालून वर आणि रात्री वरून खाली वाहतो. तेव्हा राहुटीची निमुळती बाजू वरच्या अंगाला आणि दार त्याच्या विरुद्ध ठेवले की रात्रीचा वारा आत भरत नाही. कठीण मुरुमात मेख तिरपी, तणाव्याच्या उलट दिशेला कललेली, ठोकतात. भुसभुशीत जमिनीत मात्र मेख धरत नाही, ती कितीही खोल गेली तरी पहिल्या झोताला उपटते. अशा ठिकाणी हातभर लांबीची काठी घ्यावी, तिच्या मध्यावर तणावा बांधावा, आणि ती आडवी, दोराशी काटकोनात, कोपरभर खोल चरात पुरून वर माती दाबावी. उभ्या मेखेला फक्त तिच्या बारीक अंगाची माती अडवते, आडव्या काठीला तिच्या सबंध लांबीवरची माती धरून ठेवते. काठी नसेल तर मातीने भरलेली पिशवीही हेच काम करते.

पाण्याबद्दल लोकांत एक हट्टी समजूत आहे की वाहते आणि नितळ पाणी शुद्धच असते. वरच्या अंगाला गाव असते, गोठे असतात, आणि रोगजंतू नितळ पाण्यात दिसत नाहीत. तुरटी फिरवणे किंवा निवळीचे बी उगाळून टाकणे हे आपले जुने उपाय गाळ खाली बसवण्यास उत्तम आहेत, परंतु त्यांनी पाणी निर्धोक होते असे नाही. काठापासून थोडे मागे वाळूत खळगा खणून झिरपलेले पाणी घ्यावे, ते फडक्याने गाळावे, आणि खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट तरी उकळत ठेवावे. चूल मांडताना नदीतले ओले धोंडे घेऊ नयेत. आपल्या काळ्या दगडात जागोजाग बारीक पोकळ्या असतात, त्यांत पाणी शिरलेले असते, आणि तापल्यावर त्याची वाफ होऊन दगड फुटतो व त्याच्या कपच्या तोंडावर उडतात. वरच्या रानातले कोरडे दगड आणावेत. विस्तव माती लोटून झाकू नये, कारण झाकलेले निखारे कित्येक तास धगधगत राहतात आणि दुसऱ्या दिवशी अनवाणी आलेल्या गुराख्याचा पाय भाजतो; त्यावर पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे, आणि राख हाताला गार लागली म्हणजेच उठावे.

परसाकडे जाण्याची जागा पाण्यापासून निदान साठ-सत्तर मीटर दूर आणि वरच्या मातीच्या थरात असावी. वीतभर खोल खड्डा खणून तो बुजवावा, कारण याच थरातले सूक्ष्मजीव मळाचे विघटन करतात, वाळूत आणि कातळावर ते काम होत नाही. अंगाचा वा भांड्यांचा साबण नदीत जाऊ देऊ नये. रिठा नैसर्गिक म्हणून चालेल असे पुष्कळांना वाटते, पण रिठ्यातला फेस आणणारा पदार्थच माशांना विषारी असतो. भांडी राखेने घासावीत आणि ते पाणी काठापासून दूर जमिनीत जिरवावे.

राहता राहिला परवानगीचा प्रश्न, जो बहुतेकांना गौण वाटतो आणि मला वाटत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे नद्यांची पात्रे ही सरकारच्या मालकीची आहेत, तरी काठची जमीन कोणाच्या तरी नावाने सातबाऱ्यावर असते, किंवा गायरान असते, किंवा वनखात्याची असते. राखीव वनात परवानगीवाचून विस्तव पेटवणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि फेब्रुवारीनंतरच्या वाळल्या रानात तसा तो असणे सर्वथा योग्य आहे. खाजगी जमिनीवर मालकाला विचारावे. त्यातून पाणी केव्हा सोडतात, मगर कोणत्या डोहात असते, मोहोळ कोठे आहे, या सर्व प्रश्नांची उत्तरे एका बैठकीत मिळतात. याखेरीज आपण किती माणसे आहोत, कोणत्या वळणावर उतरणार आहोत आणि केव्हा उठणार आहोत, हे गावच्या पोलीस पाटलाला सांगून ठेवावे, आणि निघताना पुन्हा त्याच्या घरावरून जावे. आपण सुखरूप गेलो हे त्याला कळले नाही, आणि त्या रात्री नदी चढली, तर तो दोर आणि बॅटरी घेऊन चार माणसांनिशी आपल्याला शोधायला काळोखात पात्राकडे निघेल.